बशी उलटी करून पाहा

सतराव्या शतकातली एखादी मोठी जपानी थाळी, पांढऱ्या अंगावर निळी नक्षी असलेली, उलटी केली तर तिच्या तळावर बरेचदा दोन खुणा सापडतात. पहिली म्हणजे निळ्या रंगात लिहिलेली सहा चिनी अक्षरे. 'महान मिंग राजवटीत, छंगह्वा बादशहाच्या काळात घडवली' असा त्यांचा अर्थ. दुसरी खूण बोटाने चाचपायची असते. झिलईवर उठलेले तीन, चार, कधी पाच खरबरीत ठिपके. छंगह्वा बादशहा वारला १४८७ साली, आणि जपानात पोर्सेलिन भाजायला सुरुवात झाली १६१०च्या पुढे. अक्षरे सांगतात ते खरे असणे शक्य नाही. ठिपके मात्र खरे बोलतात. भट्टीत थाळीचा मध्य खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे टेकू लावत, त्यांचे ते व्रण आहेत, आणि चिनी कारागिराला असे टेकू लावायची वेळ सहसा येत नसे. उसनवारीची कबुली आणि स्वतःच्या हाताची खूण अशी एकाच तळावर शेजारी शेजारी बसली आहे. जपानी निळ्या-पांढऱ्या भांड्यांना 'चिनी मालाची नक्कल' म्हणून मोकळे होणारे फक्त अक्षरे वाचतात, ठिपके चाचपत नाहीत. माझे म्हणणे असे, की उसनी घेतलेली विद्या आपल्या मातीशी, आपल्या गिऱ्हाइकाशी आणि आपल्या अडचणींशी झगडता झगडताच आपली होते, आणि ती तशी झाली की तिला नक्कल म्हणण्यात अर्थ उरत नाही. जपानच्या बाबतीत हे पुराव्यानिशी दाखवता येते. कराडपासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहिलेल्या एका कारखान्याबद्दलही तेच म्हणता येते, त्याच्याकडे पुढे वळू.

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ, कारण आपल्या भाषेने इथे थोडा घोळ करून ठेवला आहे. लोणच्याची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरट, तिला आपण 'चिनी मातीची बरणी' म्हणतो, पण ते पोर्सेलिन नव्हे. जाड, दगडासारखे भाजलेले ते भांडे आहे. खरे पोर्सेलिन उजेडासमोर धरले की पातळ जागी पलीकडच्या बोटांची सावली दिसते, आणि टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो. त्यासाठी काओलिन नावाची पांढरी माती लागते (हे नावच चीनमधल्या चिंगदचन या कुंभारनगरीजवळच्या काओलिंग टेकडीवरून पडले), तिच्यात फेल्डस्पार असलेल्या दगडाची पूड मिसळावी लागते, आणि तेराशे अंशांच्या आसपास भट्टी तापवावी लागते. निळा रंग येतो कोबाल्टपासून. तो झिलईवर लावत नाहीत, झिलईच्या खाली, उघड्या अंगावर लावतात. रंगवताना तो काळपट राखाडी दिसतो. कच्चे अंग कुंचल्यातले पाणी क्षणात शोषून घेते, त्यामुळे एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. वर पारदर्शक झिलई चढते, भट्टी लागते, आणि ती उघडल्यावर राखाडीचा निळा झालेला असतो. रंग काचेच्या पापुद्र्याखाली अडकलेला, म्हणून चारशे वर्षे घासली तरी नक्षी उडत नाही. आता ज्याला आपण अस्सल चिनी म्हणतो त्या या निळ्याचे मूळ पाहा. चौदाव्या शतकात चिंगदचनच्या कारागिरांना हा कोबाल्ट इराणकडून मिळत होता, आणि निळ्या नक्षीची मोठमोठी ताटे पश्चिम आशियातले श्रीमंत विकत घेत होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एका मंदिराला वाहिलेल्या निळ्या-पांढऱ्या कलशांची जोडी आहे, तिच्यावरच १३५१ हे साल येते, आणि तोवर ही कला चीनमध्ये पुरती रुजली होती. उसने घेण्याचा मान एकट्या जपानचा नाही.

या व्यापाराच्या वाटेवर आपला मुलूखही होता. कोकणात चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांच्या खापऱ्या निघाल्या, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चच्या परिसरात निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सेलिनचे तुकडे सापडले. कराड ज्या आदिलशाहीत मोडत होते तिच्या राजधानीत, विजापूरला, गोलघुमटाजवळच्या संग्रहालयात आजही त्या काळची चिनी भांडी ठेवलेली आहेत. देवगिरीच्या किल्ल्यावर औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाला, अबुल हसन तानाशाहला, ज्या वास्तूत कैदेत ठेवले तिचे नाव 'चिनी महाल', कारण तिच्या भिंतींना निळ्या झिलईच्या फरशा होत्या. म्हणजे दख्खनने निळा रंग पाहिला, त्याला जीव लावला, त्यावर पैसा ओतला. तरीही कुठल्याही दरबाराने पोर्सेलिनची भट्टी उभी केल्याचे दिसत नाही. मातीची उणीव हे कारण पुरेसे नाही. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. मला वाटते, कारण निम्मे स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे तांब्या-पितळेचे भांडे चिंच-राखेने घासले की शुद्ध, आणि मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की फेकायचे. झिलईचे भांडे या दोहोंत कुठेच बसेना. कपबशी कित्येक सोवळ्या घरांत ओट्यापासून लांब, वेगळ्या फळीवर राहिली ती त्यामुळे. पुण्यात १८९०च्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहाने केवढे वादळ उठवले हे सर्वश्रुत आहे. तो वाद कोणाच्या हातचा चहा घेतला याचा होता, पण काय कशात आणि कोणाकडचे प्यावे हा प्रश्न किती खोल होता ते त्यातून कळते. ज्या वस्तूला घरातच जागा नाही, ती घडवायला कारागीर कशाला धडपडेल? जपानात नेमके उलटे होते. तिथे वाडग्यात जेवण होते, चहाचा सोहळा होता, आणि हातात धरायच्या भांड्याला घरातच नव्हे तर मनातही जागा होती.

ही जागा किती आतली होती याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी चहागुरू चिंगदचनहून खास आपल्या आवडीची निळी-पांढरी भांडी मागवत. चिनी राजदरबाराला लागणारा गुळगुळीत नेटकेपणा त्यांना नको होता. जाडसर अंग, किंचित वाकडा आकार, घाईने ओढल्यासारखे चित्र त्यांना हवे असे. या भांड्यांच्या कडेला झिलईचे बारीक टवके उडालेले असतात, कारण झिलई आणि अंग थंड होताना सारखे आकसत नाहीत. चिनी कारागिराच्या लेखी हा दोष. जपानी रसिकाने त्याला नाव दिले 'मुशीकुई', म्हणजे किड्याने खाल्लेले, आणि जुन्या पोथीचे पान कसरीने कुरतडलेले असावे तशी ती कड त्याला देखणी वाटली. त्यामुळे जपानात पोर्सेलिनची भट्टी नीट पेटण्याच्या सुमारासच चीनचे कारागीर जपानी डोळ्यासाठी हात वळवू लागले होते. प्रभाव एकाच दिशेने वाहतो, उंचावरून सखल भागाकडे पाणी जावे तसा, ही समजूत इथे गळून पडते. मागणाऱ्याची नजर तयार असेल तर देणाराही बदलतो.

आता भट्टीकडे. क्युशू बेटावरच्या हिझेन प्रांतात, आरिता या डोंगरातल्या गावाजवळ, इझुमियामा इथे पोर्सेलिनला लागणारा दगड सापडला. परंपरा त्याचे साल १६१६ देते आणि श्रेय देते री साम्पेई या कोरियन कुंभाराला. हा माणूस जपानला आपखुशीने आला नव्हता. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजांनी कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी कुंभारच्या कुंभार उचलून आणले. आरिताच्या पहिल्या भट्ट्या, चाक फिरवायची पद्धत, बुडखा तासायची ढब, सगळे कोरियन हातांतून आले. नक्षीचे नमुने आणि निळा रंग चीनमधून. मग जपानचे काय? दगड. चिंगदचनला काओलिन आणि फेल्डस्पारचा दगड असे दोन घटक मिसळून हवे तसे अंग साधता येई. इझुमियामाचा दगड एकटाच कुटून, गाळून वापरत. सोय होती, पण हे अंग ऐन आचेत अधिक लवचीक होऊन खाली बसे. लहान वाटीला फरक पडत नाही. दीड-दोन फुटी थाळीचा मध्य मात्र ओघळतो. म्हणून खाली मातीचे टेकू, म्हणून ते ठिपके. चिनी पुस्तकात याचे उत्तर नव्हते, कारण चिनी कारागिराला हा प्रश्नच पडला नव्हता. १६३७ साली त्या मुलखाच्या नाबेशिमा सरदारांनी आठशेहून अधिक स्थानिक कुंभारांना या धंद्यातून बाहेर काढले आणि विखुरलेल्या भट्ट्या मोजक्या जागी एकवटल्या. सरपणासाठी डोंगर उजाड होत होते हे एक कारण, कसब ताब्यात ठेवणे हे दुसरे. निर्णय कठोर होता, पण त्यानंतर आरिताचा दर्जा झपाट्याने चढला.

मग आली संधी, आणि ती चीनच्या दुर्दैवातून आली. १६४४ साली मिंग सत्ता कोसळली, यादवी माजली, चिंगदचनची निर्यात आटली. डच ईस्ट इंडिया कंपनीचे गोदाम तेव्हा नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर होते. (याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. मसाल्याच्या आणि चिनी मालाच्या त्या जाळ्याचे एक टोक कोकणात होते एवढे ध्यानात ठेवावे.) युरोपातली मागणी तर थांबत नव्हती. डचांनी आरिताकडे पाहिले, आणि १६५९ साली पन्नास हजारांहून अधिक नगांची एकच मागणी नोंदवली. डोंगरातल्या कुंभारांनी इतका माल कधी केला नव्हता. नमुने अर्थातच चिनी: मधे वर्तुळात पक्षी किंवा फळाफुलांची फांदी, भोवती काठावर रुंद-अरुंद कप्पे. युरोपात 'क्राक' नावाने ओळखली जाणारी ही धाटणी होती. काही थाळ्यांच्या मधोमध कंपनीची तीन अक्षरे एकमेकांत गुंफलेली दिसतात. माल इमारी बंदरातून बाहेर पडे, म्हणून जगाने त्याला 'इमारी' म्हटले, गावाचे नाव मागेच राहिले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गिऱ्हाइकाला चिनी माल हवा, चिनी माल मिळत नाही, म्हणून तुम्ही चिनी दिसणारा माल करता आणि वर चिनी बादशहाचे नाव घालता. ही बनावट नाही तर काय? उत्तर असे, की ते नाव घालायची सवयही चीनचीच होती. खांग्शी बादशहाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, खुद्द चिंगदचनचे कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वाचे नाव आपल्या नव्या भांड्यांवर लिहीत होते. छंगह्वाच्या काळचा माल उत्तम मानला जाई, त्याला केलेला तो नमस्कार होता. आरितात हीच अक्षरे घरगुती वापराच्या वाट्या-बशांवरही येतात. जपानी गिऱ्हाईक आपली वाटी मिंग काळची आहे असे मानून ती घेत नव्हते. अक्षरे शोभेची झाली होती, 'श्री' लिहून पत्राला सुरुवात करावी तशी. तरीही डचांना गेलेल्या मालाविषयी मी एवढी सफाई देणार नाही. तिथे चिनी दिसणे हेच विक्रीचे बळ होते, आणि ते मान्य केल्याने माझा मुद्दा लंगडा होत नाही. शिकाऊ कारागीर गुरूच्या सहीसकट कित्ता गिरवतो. पाहायचे ते पुढे त्याने काय लिहिले.

दुसरा आक्षेप याहून कडू आहे. हे कौशल्य बंदिवान कोरियन कुंभारांचे, मग त्याला 'जपानी' म्हणायचा हक्क कोणाला? हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. री साम्पेईचे ऋण फेडता येणारे नाही, ते फक्त नोंदवता येते, आणि आरिताने ते नोंदवले आहे. गावातल्या तोझान देवळाच्या मागच्या टेकडीवर त्याच्या स्मरणाचा स्तंभ उभा आहे. खाली त्याच देवळाच्या वाटेवर १८८८ साली उभारलेली एक तोरी, म्हणजे जपानी देवळाची कमान, अख्खी पोर्सेलिनची आहे, पांढऱ्या अंगावर निळ्या वेलबुट्टीची. ज्या माणसांना ओढून आणले त्यांची मुले-नातवंडे त्याच डोंगरातला दगड कुटत तिथलीच झाली. दोनतीन पिढ्यांनी त्या हातांनी केलेली वस्तू ना कोरियात होत होती, ना चीनमध्ये. तिला आरिताची म्हणावे, आणि ती कोणाच्या घामातून आली ते त्याच दमात सांगावे.

तिसरा आक्षेप परिणामांचा. चीन सावरताच जपानचा बाजार बसला, मग ही कला चीनच्या अडचणीपुरतीच होती ना? १६८४ साली खांग्शीने सागरी व्यापार खुला केला, स्वस्त चिनी माल पुन्हा वाहू लागला, आणि आरिताची निर्यात हळूहळू ओसरली हे खरे. पण पुढे जे झाले ते नकलेच्या सिद्धान्तात बसत नाही. आरिताने दरम्यान झिलईखालच्या निळ्याच्या जोडीला झिलईवर लाल आणि सोनेरी रंग देऊन स्वतःची अशी एक भरजरी धाटणी काढली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी चिंगदचन तीच धाटणी उचलून युरोपला विकू लागले. संग्राहकांच्या भाषेत त्या मालाला आजही 'चिनी इमारी' म्हणतात. गुरूने शिष्याचा कित्ता गिरवला. आणि घरच्या बाजारात आरिता मोडले नाहीच. नाबेशिमा सरदारांच्या खास भट्टीतून, ओकावाची इथून, शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, नजर करायच्या ज्या बशा निघत त्या बाजारात येतच नसत, म्हणून त्यांना कोणाच्या पसंतीची फिकीर नव्हती. त्यांतली एखादी बशी पाहावी. चिनी थाळीत नक्षी बहुधा मध्यापासून काठापर्यंत गोलात बांधलेली असते. इथे एकच मोठे पान किंवा लाट एका बाजूने आत शिरते आणि उरलेली अर्धी बशी कोरी, पांढरी राहते. तो मोकळा पांढरा रंगवलेल्या निळ्याइतकाच बोलतो. उंच बुडख्यावर कंगव्याच्या दातांसारख्या निळ्या रेघा ओढलेल्या असतात, एकसारख्या अंतरावर, हाताने, एकही न चुकवता. कोबाल्ट बाहेरचा, झिलईची विद्या बाहेरची. ती कोरी जागा मात्र कोणाकडून आणलेली नाही.

हे सारे कराडच्या वाचकाला परके वाटू नये. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेला हा निधी, त्यामागे लोकमान्य टिळकांचे बळ. तिथे काच शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, आणि त्यांनी ती विद्या जपानात, पुढे अमेरिकेत शिकून आणली होती. तळेगावात तयार झालेल्या या परंपरेतूनच ओगले बंधू पुढे आले आणि १९१६ साली कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला. साल पाहा. महायुद्ध चालू होते, ऑस्ट्रिया-जर्मनीची काच येणे बंद पडले होते, आणि ती रिकामी जागा भरायला जपान झपाट्याने पुढे सरसावला होता. मिंग कोसळल्यावर आरिताला जी फट सापडली, तशीच फट इथे ओगल्यांना सापडली; फरक एवढाच, की या वेळी आरिताचा देशच प्रतिस्पर्धी म्हणून समोर होता. पुढे या कारखान्याने ओगले बंधूंच्या वडिलांच्या नावाने 'प्रभाकर' कंदील काढला, आणि अमेरिकन व जर्मन कंदिलांच्या बाजारात तो घरोघर पोचला.

कोणी म्हणेल, कुठे सरदाराच्या नजराण्याची बशी आणि कुठे रॉकेलचा कंदील! पण आरिताच्या बहुतेक बशाही रोजच्या जेवणाच्याच होत्या. कंदिलाची घडण परदेशी होती, हेही खरेच. तरी काच ओतायची भट्टी इथली, काच फुंकणारे, पत्रा वाकवणारे, बर्नर बसवणारे हात कराड-औंध भागातले, आणि गोठ्यात, विहिरीवर, मळ्यात वाऱ्यात न विझता जळावा ही मागणी इथल्या शेतकऱ्याची होती. आयात कंदील इथेही विकला जायचा, पण तो मोडला की दुरुस्तीला आणि चिमणी फुटली की नवी आणायला इथला माणूस परक्याच्या हाती होता. ती दोरी ओगल्यांनी तोडली. वीज आली, कंदिलाची गरज सरली, कारखानाही थांबला. आरिताला घरोघरची ताटवाटी होती म्हणून चारशे वर्षांनंतर तिथे अजून भट्ट्या पेटतात. दोन्हींचे भाग्य सारखे नाही, पण दोन्हींचा आरंभ एकाच प्रकारचा आहे, आणि एकाला कला आणि दुसऱ्याला नक्कल म्हणणे न्यायाचे नाही.

मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी आणि जपानी भांडी जरूर पाहावीत. आणि घरी, गावाकडच्या माळ्यावर, एखादा प्रभाकर कंदील गंजत पडला असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. पुसा, त्यावरचा ठसा वाचा, घरात कोण तो वापरत असे ते एका कागदावर लिहून त्याला बांधून ठेवा. कराडचे रेल्वे स्थानक आजही ओगल्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओगलेवाडीलाच आहे.